बांधापूर्वीची हद्द

सोनपेठच्या बाजारात जेथे पिकून काळवंडलेली केळी टोपलीत बाजूला काढून ठेवलेली असतात, रसवंतीच्या मागे जेथे उसाची चिपाडे आंबू लागलेली असतात, किंवा घरातील फडताळात जेथे एखादा पेरू दृष्टीआड राहून गेलेला असतो, तेथे तांबूस डोळ्यांच्या, दोन-अडीच मिलिमीटर लांबीच्या इवल्या माश्यांचा घोळका हटकून जमतो. आपण त्यांना चिलटे म्हणतो, हाताने वारतो आणि विसरतो. परंतु याच क्षुद्र मानल्या गेलेल्या कीटकाच्या अंड्यात दृष्टी घालून, सजीवांच्या पेशीला तिचा आकार कोठून येतो, तिच्या सीमा कशा ठरतात आणि त्या टिकवण्यासाठी तिला काय मोल द्यावे लागते, या जीवशास्त्रातील मूलभूत प्रश्नांचा शोध पुण्याच्या पाषाण भागातील एका प्रयोगशाळेत चाललेला आहे; आणि त्या शोधातून हाती आलेले ज्ञान शास्त्रज्ञांच्या दप्तरात बंदिस्त न राहता गोदाकाठच्या तालुक्यांतील जिज्ञासू वाचकांपर्यंतही पोहोचावे, अशा योग्यतेचे आहे. पेशीची रचना ही अखंड चालणारी क्रिया आहे, हे त्या ज्ञानाचे सार होय. त्याची प्रचीती कशी येते, हे क्रमाने पाहू.

आरंभीच एक खुलासा करणे अगत्याचे आहे. आपल्या भागातील शेतकरी ज्या कीटकाला फळमाशी म्हणतात, जी आंब्यात व पेरूत अंडी घालून अळ्यांकरवी फळ नासवते आणि जिच्या बंदोबस्तासाठी बागांतून मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगले जातात, ती बॅक्ट्रोसेरा नावाची, आकाराने मोठी व निराळ्या कुळातील माशी होय. प्रयोगशाळेतील माशीचे शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर असे असून निरोगी, कच्च्या फळाशी तिला कर्तव्य नसते; फळ पिकून आंबू लागले, म्हणजे त्यावर वाढणाऱ्या किण्वावर, म्हणजे यीस्टवर, ती आणि तिच्या अळ्या उपजीविका करतात. तेव्हा बागाइतदाराची वैरीण ती ही नव्हे, इतके स्पष्ट करून पुढे जाऊ.

या माशीला शास्त्रात जे स्थान लाभले, त्याचा आरंभ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाला. तेथे टॉमस हंट मॉर्गन यांना 1910 साली तांबड्या डोळ्यांच्या असंख्य माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला, आणि त्या एका नराच्या संततीचा हिशेब पिढ्यानुपिढ्या ठेवत असता आनुवंशिक गुणांचे वाहक असलेली जनुके गुणसूत्रांवर वसतात, हे सिद्ध झाले. त्यांचे शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी 1913 मध्ये गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. दुसरे शिष्य हर्मन मुलर यांनी 1927 मध्ये क्ष-किरणांनी जनुकांत बदल घडवून आणता येतात हे दाखवले. आणि मॉर्गन यांना 1933 मध्ये, तर मुलर यांना 1946 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 1995, 2011 आणि 2017 या वर्षांतील वैद्यकशास्त्राची नोबेल पारितोषिकेही अनुक्रमे गर्भाची घडण, जन्मजात रोगप्रतिकार आणि शरीरातील दैनंदिन घड्याळ या विषयांवर पूर्णतः किंवा अंशतः याच माशीच्या साह्याने केलेल्या संशोधनाच्या वाट्याला आली.

इतक्या प्राण्यांमधून हिचीच निवड का व्हावी, याची कारणे व्यावहारिक आहेत. मक्याचे पीठ, साखर, किण्व आणि घट्टपणा आणणारे अगर यांचे शिजवलेले मिश्रण बाटलीच्या तळाशी ओतून वर कापसाचे बूच बसवले, की माश्यांचे अख्खे कुटुंब तेथे सुखाने नांदते. 25 अंश सेल्सियस तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या माशीपर्यंतचा प्रवास सुमारे दहा दिवसांत पुरा होतो: एका दिवसात अंड्यातून अळी बाहेर पडते, अळी दोनदा कात टाकून चारेक दिवसांत कोषात जाते आणि आणखी चारपाच दिवसांनी कोष फोडून माशी बाहेर येते. एक मादी आपल्या आयुष्यात शेकडो अंडी घालते. गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या असल्यामुळे आनुवंशिकतेचा हिशेब सोपा होतो. सन 2000 मध्ये या माशीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा तीत सुमारे साडेतेरा हजार जनुके मोजली गेली. आणि मनुष्याच्या रोगांशी संबंध असलेल्या ज्ञात जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचे प्रतिरूप या माशीत सापडते, असे पुढील तुलनांतून आढळून आले. मनुष्यावर जे प्रयोग करणे अशक्य आणि अनुचित, ते या माशीवर निर्वेधपणे करता येतात आणि त्यांतील बोध पुष्कळ अंशी मनुष्यालाही लागू पडतो.

महाराष्ट्रात या विद्येचे बीज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पडले. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी 1962 साली तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग स्थापन केला. त्यांचे आरंभीचे काम सूक्ष्म जीवांच्या आनुवंशिकतेवर होते. परंतु सत्तरीच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत सीमोर बेन्झर यांच्यासमवेत काम करताना ते या माशीकडे वळले, आणि तापमान वाढताच ज्यांना पक्षाघात होतो अशा उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, माश्यांच्या मज्जासंस्थेवरील त्या दोघांचा निबंध 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. कुलाब्याच्या त्या संस्थेत मग माशीच्या संशोधनाची परंपराच निर्माण झाली. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तेथे गंध आणि रुची यांच्या आनुवंशिकतेवर काम केले, आणि के. एस. कृष्णन यांनी मज्जातंतूंच्या संधिस्थळी चालणाऱ्या घडामोडींचा पिच्छा पुरवला.

या पक्षाघाती माश्यांपैकी शिबिरे नावाच्या उत्परिवर्तित जातीची कैफियत येथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पेशीच्या रचनेचे मर्म तीत दडलेले आहे. नेहमीच्या तापमानात ही माशी इतर माश्यांप्रमाणे उडते, चालते, खाते. परंतु तापमान 29 ते 30 अंशांवर गेले की काही मिनिटांत ती निश्चेष्ट होऊन पडते, आणि पुन्हा गारव्यात आणताच, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने, उठून चालू लागते. मज्जापेशी आपला संदेश पुढील पेशीला देते तो रासायनिक द्रव्याने भरलेल्या अतिसूक्ष्म पुटिका बाहेरच्या पटलाशी एकजीव करून. पुटिका रिती झाली म्हणजे तिचे पटल पेशीच्या पटलात मिसळून जाते, आणि ते पुन्हा आत ओढून, त्याची नवी पुटिका बनवून, ती पुन्हा भरावी लागते. ही आत ओढली जाणारी पुटिका मुख्य पटलापासून खुडून वेगळी करण्याचे काम डायनामिन नावाच्या प्रथिनाचे आहे. शिबिरे माशीतील डायनामिन उष्णतेने निकामी होते. पुटिका पटलाला मानेने चिकटून अर्धवट लोंबकळत राहतात, त्यांचा साठा संपतो, संदेश थांबतो आणि माशी पडते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या अर्धवट खुडलेल्या पुटिका स्पष्ट दिसल्या, आणि 1991 मध्ये शिबिरे जनुक म्हणजे डायनामिनचेच जनुक, हे निश्चित झाले.

या घटनेतून निघणारा निष्कर्ष मज्जासंस्थेपुरता मर्यादित नाही. पेशीचे बाह्य पटल, ज्याला पाठ्यपुस्तकांतून प्रद्रव्यपटल म्हणतात, ते चित्रात एका स्थिर रेषेने दाखवले जाते; वस्तुतः ते प्रत्येक क्षणी कोठे आत ओढले जात असते आणि कोठे नव्याने भरले जात असते. ही देवघेव काही मिनिटे थांबली तरी सजीवाचा व्यवहार ठप्प होतो. रॉबर्ट हुक यांनी 1665 साली बुचाच्या चकतीत ज्या रिकाम्या कोठड्या पाहिल्या, त्या मृत वनस्पतीच्या भिंती होत्या. आणि पेशी म्हणजे चार भिंतींची खोली ही जी कल्पना तेव्हापासून आपल्या मनात घर करून बसली, तिला असल्या निरीक्षणांनी हादरा दिला.

कृष्णन यांच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटसाठी ज्यांनी संशोधन केले, त्यांत डॉ. रिचा रिखी या एक होत. मज्जातंतूंच्या संधिस्थळी पुटिका कशा घडतात, एंडोफिलिन नावाच्या प्रथिनाचा त्यात वाटा काय, आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांमध्ये बिघाड झाला तर डायनामिनच्या कार्यावर काय परिणाम होतो, हे त्यांच्या आरंभीच्या निबंधांचे विषय होते. ते निबंध 2002 आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत, जिवंत पेशीतील हालचाली प्रकाशमान प्रथिनांच्या साह्याने टिपण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली. आणि तेथून परतल्यावर पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे 2006 साली स्थापन झालेल्या आयसरमध्ये, त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. पेशीपटल आणि तंतुकणिका या दोहोंचा परस्परसंबंध हा जो धागा मुंबईत हाती आला होता, तोच पुण्यात अधिक विस्तृत पटावर विणला गेला, आणि त्यासाठी निवडलेले क्षेत्र होते माशीचे अंडे.

हे अंडे अर्ध्या मिलिमीटर लांबीचे, तांदळाच्या कणीहूनही लहान, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे असते. फलन झाल्यावर त्यात जे घडते, ते आपल्या ओळखीच्या गर्भविकासाहून फार निराळे आहे. बेडकाच्या वा मनुष्याच्या गर्भात एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार असे सबंध विभाजन होत जाते. माशीच्या अंड्यात मात्र विभाजन होते ते केवळ केंद्रकांचे. एका केंद्रकाची दोन, दोहोंची चार, चारांची आठ अशी आवर्तने आठ-नऊ मिनिटांना एक या विलक्षण वेगाने चालतात, आणि तरीही त्या केंद्रकांमध्ये कसलेही पटल उभे राहत नाही. ती सर्व एकाच पेशीद्रव्यात वावरत असतात. दहाव्या आवर्तनाच्या सुमारास बहुतेक केंद्रके अंड्याच्या पृष्ठभागालगत येऊन एका थरात स्थिरावतात. पुढील आवर्तने हळूहळू मंदावत जातात. आणि तेरा आवर्तने पुरी होऊन चौदावे लागते, तेव्हा पृष्ठभागावर सुमारे सहा हजार केंद्रके ओळीने मांडलेली असतात. त्यानंतरच्या तासाभरात प्रत्येक दोन केंद्रकांच्या मधून वरचे पटल तीसेक मायक्रोमीटर खोल उतरत जाते, तळाशी बंद होते, आणि अशा रीतीने एकाच वेळी सहा हजार पेशी जन्माला येतात. फलनापासून इथवर सारे मिळून तीन तासांच्या आसपास लागतात.

मराठवाड्यातील वाचकाला ही अवस्था उमजण्यासाठी त्याच्या परिचयाचा एक दाखला पुरेसा होईल. एखादे विस्तीर्ण शिवार अनेक भावकीत सामाईक असावे, त्यात एकही बांध घातलेला नसावा, मोजणीचे दगड रोवलेले नसावेत, आणि तरीही नांगरट करताना प्रत्येकाचे औत नेमक्या एका जागी वळावे, कोणी कोणाच्या वहिवाटीत पाऊल टाकू नये, तशीच काहीशी स्थिती या अंड्याची असते. बांध पुढे पडतो, हद्द आधी ठरते. प्रश्न असा की, भिंत नाही, पडदा नाही, पेशीद्रव्य सर्वांचे एक, अशा ठिकाणी ही हद्द कोण राखतो?

हद्द खरोखरच राखली जाते, ही गोष्ट प्रथम सिद्ध करावी लागली. त्यासाठी वापरलेली युक्ती अत्यंत बुद्धिचातुर्याची आहे. समुद्रातील एका जेलीफिशच्या शरीरात हिरवा प्रकाश देणारे प्रथिन असते, ज्याच्या शोधाबद्दल आणि उपयोगाबद्दल 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. त्या प्रथिनाचे जनुक माशीच्या एखाद्या जनुकाला जोडून दिले, म्हणजे माशीचे ते विशिष्ट प्रथिन जिवंत गर्भात चमकू लागते. अंडी फळाच्या रसाच्या अगरवर गोळा करायची, विरंजक द्रावणात बुडवून त्यांचे बाहेरचे कवच विरघळवायचे, आणि लेसरच्या प्रकाशावर चालणाऱ्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे चलच्चित्रण करायचे. मग पटलाची प्रत्येक वळी, प्रत्येक विभाजन, मिनिटामिनिटाने पडद्यावर उमटते. आता एका केंद्रकाभोवतालच्या भागावर प्रखर लेसर रोखला, तर तेथील चकाकी कायमची विझते, पण प्रथिनांना इजा होत नाही. शेजारच्या भागातील चमकणारी प्रथिने वाहत तेथे आली तर विझलेला भाग पुन्हा उजळेल. न आली तर मध्ये काही प्रतिबंध आहे असे मानावे लागेल.

मॅनोस माव्रॅकिस, रिचा रिखी आणि लिपिनकॉट-श्वार्ट्झ या तिघांनी हे प्रयोग करून 2009 मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा की, पेशी पूर्णपणे बंद होण्याच्या पुष्कळ आधीच गर्भाचे बाह्य पटल प्रत्येक केंद्रकाभोवती स्वतंत्र विभागांत वाटले गेलेले असते, एका विभागातील प्रथिने शेजारच्या विभागात मुक्तपणे जात नाहीत, आणि पटलाचा वरचा भाग व बाजूचा भाग यांच्यात पूर्ण वाढलेल्या त्वचापेशींसारखा भेदही तेव्हाच प्रस्थापित झालेला असतो. लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्याच प्रयोगशाळेतून 2006 मध्ये आलेल्या निबंधात आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल ही पेशीची अंतर्गत यंत्रणाही केंद्रकागणिक वाटली जाते, असे दाखवले गेले होते. बाह्य पटलावरील ही वाटणी ज्यावर अवलंबून असते, ते म्हणजे पटलालगत पसरलेले ॲक्टिन या प्रथिनाचे तंतुजाल. हे जाल विस्कटले की प्रतिबंध नाहीसा होतो. पेशीची रचना भिंतीने निर्माण होते, ही समजूत येथे उलटी झाली: अंतर्गत रचनेने आधी सीमा मुक्रर केली, आणि पटलाची भिंत त्या सीमेवरून पुढे खाली उतरली.

पुण्यातील प्रयोगशाळेने यापुढचा प्रश्न हाती घेतला: ही सीमा कोणत्या साधनांनी आणि कोणत्या नियमाने घडते? दहाव्या ते तेराव्या आवर्तनांत प्रत्येक वेळी केंद्रके विभागू लागली की त्यांच्यामध्ये पटलाची एक तात्पुरती चर खाली उतरते, आणि विभाजन आटोपताच ती पुन्हा वर येऊन नाहीशी होते. ही क्षणभंगुर चर निरर्थक नाही; ती नसेल तर शेजारशेजारच्या केंद्रकांची विभाजनयंत्रणा एकमेकींत गुंतते आणि बिघडलेली केंद्रके पृष्ठभाग सोडून अंड्याच्या पोटात गळून पडतात. अशी चर घडण्यासाठी पटल वाकले पाहिजे, आणि वाकलेल्या पटलाला जोडून राहणारे सिंडॅपिन नावाचे प्रथिन त्यासाठी आवश्यक असते. गर्भातून सिंडॅपिन काढून टाकले असता ॲक्टिनच्या तंतूंची मांडणी बिघडते आणि चर अपुरी राहते, हे 2016 मध्ये रिखी यांच्या गटाने दाखवून दिले.

यानंतरचे संशोधन आकाराच्या भूमितीविषयी आहे, आणि मला ते विशेष सुंदर वाटते. प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी केंद्रकाभोवतालचा पटलाचा घेर वर्तुळाकार असतो. चर खोल जाऊ लागली की तो घेर बहुकोनी होतो आणि सबंध पृष्ठभागावर एकमेकांना कडेने चिकटलेल्या बहुकोनांची जाळी उमटते. वर्तुळाचा बहुकोन नेमका केव्हा होतो? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार चरीची खोली 4.75 मायक्रोमीटरवरून 5.75 मायक्रोमीटरपर्यंत वाढते, त्या टप्प्यात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे ध्यानात घेतले म्हणजे या मोजमापातील काटेकोरपणा कळतो. ही खोली दोन प्रथिनांच्या समतोलावर ठरते. ई-कॅडहेरिन हे शेजारच्या पटलांना परस्परांशी जोडून ठेवते. मायोसिन हे ॲक्टिनच्या तंतूंना ओढून आकुंचन घडवते. कॅडहेरिन कमी पडले तर चर आखूड राहून बहुकोन बिघडतो. मायोसिनचा जोर कमी केला तर नेहमीपेक्षा कमी खोलीवरच बहुकोन साधतो. आणि तोच जोर फाजील वाढवला तर बाजूच्या चरी तयारच होत नाहीत व बहुकोनाची सारी जाळी मोडून पडते. म्हणजे जोडणारे बळ आणि ओढणारे बळ ही दोन्ही हवीत, आणि दोन्ही प्रमाणात हवीत. त्यांच्या सततच्या ताणातून पेशीचा आकार उभा राहतो.

या सगळ्या उलाढालीला इंधन कोठून येते, हाही प्रश्न या प्रयोगशाळेने सोडला नाही. तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र, आणि गर्भाला त्या सर्वस्वी मातेकडून मिळतात. 2017 च्या निबंधात असे आढळून आले की, या गर्भातील तंतुकणिका आखूड आणि विखुरलेल्या असतात. सूक्ष्मनलिकांच्या आधाराने त्या वर-खाली प्रवास करतात, पण शेजारच्या केंद्रकाच्या हद्दीत सहसा जात नाहीत. आणि केंद्रक विभागले की दोन्ही संततींमध्ये त्यांची समान वाटणी होते. त्यांनी निर्माण केलेले एटीपी हे ऊर्जाद्रव्य कमी पाडले, तर चरी आखूड पडू लागतात. येथे मुंबईतील जुन्या धाग्याचे दुसरे टोक सापडते: सीमा राखण्यासाठी ऊर्जा खर्ची पडते, आणि ती ऊर्जा जेथे खर्च व्हायची, तेथेच निर्माण केली जाते.

तंतुकणिकांचा आकारही पेशीचे भवितव्य ठरवण्यात भाग घेतो. माशीच्या अंडाशयात वाढणाऱ्या अंड्याभोवती आवरणपेशींचा एक थर असतो; या पेशी आधी विभागून संख्येने वाढतात आणि नंतर विभाजन थांबवून निरनिराळी कामे पत्करतात. तंतुकणिकांचे तुकडे पाडणारे एक प्रथिन आहे. ते नसले की तंतुकणिका एकमेकींशी जोडल्या जाऊन गुंता होतो, आणि मग अंड्याच्या मागच्या टोकाकडील पेशींना विभाजन थांबवण्याची आज्ञा लागू पडत नाही, त्या विभागतच राहतात. कस्तुरी मित्रा, रिखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हे सिद्ध केले. पेशीच्या एका अवयवाचा आकार बिघडल्याने सबंध पेशीचे वर्तन बिघडते, आणि अनिर्बंध विभाजन हेच तर कर्करोगाचे लक्षण होय.

असल्या संशोधनाचा मनुष्याला उपयोग काय, हा प्रश्न करदात्याने विचारणे रास्त आहे, कारण ही संस्था सार्वजनिक पैशावर चालते. उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे: माशीच्या अंड्यातील चरीची खोली मोजल्याने उद्या कोणाचा रोग बरा होणार नाही. परंतु ज्या प्रथिनांची वर नावे घेतली, ती सर्व थोड्याफार फरकाने मनुष्याच्या पेशीतही आहेत. ई-कॅडहेरिनचे जनुक बिघडलेल्या कुटुंबांमध्ये जठराचा एक आनुवंशिक कर्करोग आढळतो, आणि स्तनाच्या एका विशिष्ट कर्करोगातही ते प्रथिन नाहीसे झालेले असते. डायनामिनच्या एका मानवी प्रकारात दोष असेल तर स्नायू आणि मज्जातंतू यांचे आनुवंशिक विकार होतात. पेशी परस्परांना सोडून का भरकटतात, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने आधी त्या एकत्र कशा राहतात हे समजून घेतले पाहिजे. आणि ते पाहण्यासाठी, जेथे सहा हजार पेशी डोळ्यांदेखत तासाभरात घडतात, त्या अंड्याहून सोयीचे स्थान विरळा.

आता थोडे आपल्या तालुक्याविषयी, पण त्याआधी पुण्याविषयी. पुण्यात या माशीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा एकापेक्षा अधिक आहेत. आयसरमध्येच एल. एस. शशिधर यांनी माशीचे मागचे पंख तोल राखणारे संतोलक कसे बनतात या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. आणि 1946 मध्ये स्थापन झालेल्या, 1992 पासून शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आघारकर संशोधन संस्थेतही तिच्यावर अभ्यास चालतो. त्या प्रयोगशाळांतील लक्षावधी रुपयांचे सूक्ष्मदर्शक सोनपेठच्या शाळेत येणार नाहीत, हे खरे. पण मॉर्गन यांनी ज्या साधनांवर आनुवंशशास्त्राचा पाया घातला, ती दुधाच्या बाटल्या, केळी आणि हातातील भिंग इतकीच होती, आणि ती येथे आजही उपलब्ध आहेत.

तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजनांनी एवढी तजवीज अवश्य करावी. रुंद तोंडाची काचेची बाटली उकळत्या पाण्याने धुऊन वाळवावी, तीत पिकल्या केळ्याचा तुकडा ठेवून ती दिवसभर उघडी राखावी, आणि चिलटे आत शिरल्यावर तोंडाला कापसाचे बूच बसवावे. आठवड्याभराने मोठ्या माश्या सोडून द्याव्यात, म्हणजे नव्या पिढीशी त्यांची गल्लत होणार नाही. आपल्याकडे या कुळातील एकाहून अधिक जाती आढळत असल्यामुळे, प्रत्येक बाटलीतील माश्यांचे वर्णन भिंगाखाली पाहून लिहून ठेवावे. चैत्र-वैशाखात हा उद्योग आरंभू नये, कारण तापमान 30 अंशांवर राहू लागले की नर वंध्य होतात, आणि परभणी जिल्ह्याचा उन्हाळा तर चाळिशी ओलांडतो. श्रावणापासून कार्तिकापर्यंतचा काळ उत्तम. काचेवर चढलेली अळी, तपकिरी कोष आणि त्यातून बाहेर पडणारी फिकट रंगाची नवी माशी, हे सारे विद्यार्थ्यांना दहा-बारा दिवसांत पाहता येईल. महाविद्यालयात साधा सूक्ष्मदर्शक असेल, तर पूर्ण वाढलेल्या अळीची लालाग्रंथी काढून ॲसिटो-ऑर्सीनने रंगवावी. तिच्यातील महाकाय, आडव्या पट्ट्यांची गुणसूत्रे पाहिल्यावर जनुक ही कल्पना पुस्तकातील ओळीपुरती उरत नाही.

पालकांनाही विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी अशी बाटली घरात आणून ठेवील, तर किळस दाखवून ती फेकून देऊ नये. ज्ञानाचा मार्ग महानगरांतून जातो आणि आपल्या वाट्याला केवळ वार्ता येतात, ही समजूत सोडून देण्याची वेळ आली आहे. निरीक्षणाची वही नियमाने ठेवावी, तारीख, तापमान आणि संख्या खाडाखोड न करता नोंदवाव्यात, शंका उपस्थित झाल्यास पुण्यातील संस्थांना पत्र लिहून विचारण्यास संकोच करू नये, आणि सोनपेठमधून पुढे कोणी पेशीच्या शास्त्रात नवी भर घालावयाची असेल, तर तिचा आरंभ या वर्षीच्या वर्गातून व्हावा, एवढा आग्रह प्रत्येक शिक्षकाने स्वतःशी धरावा.